शेजारी की एकच?

बार्लीच्या पानांवर भुरी पडते. द्राक्षवाल्यांना भुरी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी: पानावर कुणी पीठ भुरभुरावं तशी पांढरी बुरशी. युरोपात बार्ली म्हणजे बिअर, व्हिस्की आणि जनावरांचं खाद्य, त्यामुळे तिकडे ही भुरी फार जुनी डोकेदुखी. १९४२ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, जर्मनीतल्या फ्रायस्लेबेन आणि लाइन या दोन संशोधकांनी क्ष-किरणांचा मारा केलेल्या बार्लीत एक वेगळंच रोप सापडल्याचं नोंदवलं. त्याला भुरी होत नव्हती.

पुढे कळलं की त्या रोपाला नवीन काही मिळालेलं नव्हतं. उलट त्याचं एक जनुक मोडलं होतं. आज त्या जनुकाला एमएलओ म्हणतात. ते धड असलं की भुरी आत शिरते, मोडलं की जिथे बुरशी घुसू पाहते तिथेच पेशी आपली भिंत जाड करते आणि बुरशी बाहेर राहते. तेही भुरीच्या एखाद्याच वाणाविरुद्ध नाही, जवळपास सगळ्यांविरुद्ध. शेतकऱ्याला आणखी काय हवं?

पण त्या रोपाच्या पानांवर, काहीही रोग नसताना, आपोआप करपल्यासारखे ठिपके पडायचे. आणि दाणे कमी भरायचे.

या ठिपक्यांनी मला गेले काही महिने धरून ठेवलंय. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, शेतीशी माझा संबंध भाजी आणण्यापुरता. एक मैत्रीण वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते, तिला रोपांच्या मोजणीसाठी एक छोटा प्रोग्राम लिहून दिला आणि त्या नादात हे सगळं वाचत गेलो. (बार्ली म्हणजे आपले सातू, किंवा जव. जवस नव्हे, ती तेलबी. आमच्या घरी सातूचं पीठ म्हणून जे मिळायचं त्यात गहू आणि डाळं असायचं, सातू औषधालाही नसायचे.)

प्रश्न असा: रोगाला दाद न देण्याचा गुण आणि ठिपक्यांचा दोष एकाच रोपात एकत्र दिसतात. ते *शेजारी* आहेत, की *एकच* आहेत?

शेजारी म्हणजे काय? बार्लीत गुणसूत्रांच्या सात जोड्या असतात. प्रत्येक गुणसूत्र म्हणजे मण्यांची लांब माळ समजा, मणी म्हणजे जनुकं. रोप आपल्या बीजपेशी तयार करतं तेव्हा जोडीतल्या दोन माळा एकमेकींशी तुकड्यांची अदलाबदल करतात. दोन मणी लांब असतील तर मधे कुठेतरी तुकडा पडून ते वेगळे होण्याची शक्यता जास्त. अगदी लगत असतील तर ते पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच पुढे जातात. हे एकत्र जाणं म्हणजे लिंकेज. किती वेळा वेगळे झाले ते मोजलं की अंतर कळतं. १९११ साली कोलंबिया विद्यापीठातल्या आल्फ्रेड स्टर्टव्हंट नावाच्या पदवीच्या विद्यार्थ्याला हे सुचलं. त्याने त्याच्या प्राध्यापकांची, मॉर्गन यांची, फळमाशांवरची आकडेवारी घरी नेली, कॉलेजचा गृहपाठ बाजूला ठेवून रात्र जागवली आणि सकाळी जगातला पहिला जनुकीय नकाशा तयार होता. सूक्ष्मदर्शक नाही, रसायन नाही. फक्त मोजणी. मला तरी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत इतकं देखणं काही शिकवलं गेलं नाही.

एकच म्हणजे काय? एकच जनुक दोन कामं करतं. ते मोडलं की दोन्हीकडे परिणाम दिसतो. याला प्लायोट्रॉपी म्हणतात. इथे कितीही पिढ्या संकर करा, वेगळं होण्यासारखं काही नसतंच.

बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. भुरी नाही आणि ठिपके आहेत, एवढंच दिसतं.

आता आकडे बघा. समजा, दोन दोष आहेत, दोन्ही सुप्त, आणि ते एकाच आजोबांकडून आले आहेत. दुसऱ्या पिढीत १६०० रोपं लावली. दोन्ही जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असतील तर दोन्ही दोष असलेली साधारण १०० रोपं मिळतील. पूर्ण चिकटलेली असतील तर ४००, आणि एकच दोष असलेलं एकही नाही. अंतर मधलं, म्हणजे दहा टक्के वेळा वेगळी होणारी असतील, तर दोन्ही दोषांची ३२४ आणि फक्त एकेक दोष असलेली ७६-७६. मैत्रिणीचा प्रोग्राम याहून फार काही करत नाही, शंभरेक ओळींचा आहे.

पण या हिशेबात एक तिरकी गोष्ट आहे. *एक* रोप, फक्त एकच, असं सापडलं की ज्यात गुण आहे आणि दोष नाही, तर ते शेजारी आहेत हे सिद्ध झालं. (म्हणजे ते रोप खरंच तसं आहे, मोजणीत गफलत नाही, एवढं तपासून.) उलट बाजूने मात्र १६०० पैकी एकही तसं रोप नाही मिळालं, तरी ते एकच आहेत हे सिद्ध होत नाही. एवढंच म्हणता येतं की वेगळे होत असतील तर हजारात एखाद्या वेळी होत असतील. 'वेगळं करता येतं' हे सांगायला एक उदाहरण पुरतं. 'वेगळं करताच येत नाही' हे सांगायला कितीही उदाहरणं अपुरी पडतात.

मग एकच आहेत हे ठरवायचं कसं? इथे मुद्दाम घडवलेली उत्परिवर्तनं कामाला येतात. अमेरिकेत मिसुरीला लुईस स्टॅडलर यांनी १९२८ साली बार्लीवर क्ष-किरणांचे परिणाम प्रसिद्ध केले. बार्ली निवडण्यामागे हुशारी होती. बियाण्यातल्या गर्भात पुढच्या अनेक फुटव्यांचे अंकुर आधीच वेगळे असतात, त्यामुळे किरणांनी केलेला बदल एखाद्याच फुटव्यात उतरतो. ओंब्या वेगवेगळ्या काढून पेरल्या की बदल कुठे झाला ते पकडता येतं. त्याच वर्षी स्वीडनमध्ये स्वालोफला हेर्मान निल्सन-एले आणि ओके गुस्ताफसन यांनी हे काम सुरू केलं आणि पुढे दशकानुदशकं ते चालू राहिलं. आज त्या संग्रहात सुमारे दहा हजार म्युटंट आहेत. ताठ ओंबीचे, लवकर पिकणारे, आखूड कुसळांचे, पानावरचं मेण हरवलेले. नुसतं मेण हरवलेल्यांची संख्या दीड हजारावर, आणि एकमेकांशी संकर करून पाहिल्यावर कळलं की त्यामागे ७९ वेगवेगळी जनुकं आहेत. दिसायला दोष एकच आणि कारणं ७९. (आपल्याकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात भुईमुगावर असंच काम झालं. टीएजी-२४ हे शेंगदाण्याचं वाण त्यातूनच आलंय.)

आता कल्पना करा, तीच मोडतोड वेगवेगळ्या वाणांत, वेगवेगळ्या किरणांनी आणि रसायनांनी, पुन्हा पुन्हा आपापली घडली. पहिल्या जर्मन रोपात ठिपके शेजारच्या दुसऱ्याच एखाद्या आघातामुळे असू शकतात, कारण किरण एका ठिकाणी नेम धरून लागत नाहीत. पण प्रत्येक स्वतंत्र आघातात, प्रत्येक वेळी, भुरी गेली आणि ठिपके आले तर? दहा वेगवेगळ्या लोकांनी एकच फंक्शन दहा तऱ्हांनी मोडलं आणि दहाही वेळा त्याच दोन टेस्ट फेल झाल्या, तर त्या दोन्ही टेस्ट त्या फंक्शनवर अवलंबून आहेत. एमएलओचं असंच निघालं. १९९७ साली ते जनुक प्रत्यक्ष हाती लागलं. ठिपके शेजारी नव्हते. एकच घर होतं.

मी हे सगळं इतक्या तपशिलात का सांगतोय? कारण आपण माणसांबद्दल रोज प्लायोट्रॉपीचे दावे करतो आणि मोजणी शून्य.

“तो तोंडाने फटकळ आहे, पण काम बघ त्याचं. अशी माणसं अशीच असतात.” हे वाक्य ज्याने ऑफिसात ऐकलं नसेल त्याने हात वर करावा. आमच्या टीममध्ये एक सीनिअर आहे. (कंपनीचं नाव सांगून काही साधत नाही, तुमच्याही कंपनीत तो आहेच.) तीन दिवस सगळ्यांना न सापडलेला बग हा माणूस चहा संपायच्या आत शोधतो. आणि तो बग ज्याने लिहिला त्याला वीस जणांसमोर असं बोलतो की समोरचा आठवडाभर मान वर करत नाही. दोन वर्षांत तिघांनी टीम सोडली. त्यातली एक मुलगी माझ्या मते त्याच्याइतकीच चांगली इंजिनिअर होती, फक्त तिला तयार व्हायला वेळ मिळाला नाही. मॅनेजरचं म्हणणं कायम एकच: धार हवी तर काप सोसावा लागतो.

हे एक विधान आहे, आणि ते खरं किंवा खोटं असू शकतं, याची कुणाला आठवण राहत नाही. ते स्वभावाचं वर्णन असल्यासारखं उच्चारलं जातं आणि काम मात्र माफीनाम्याचं करतं. 'स्वभावाला औषध नाही' हा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त माफीनामा असावा.

जनुकशास्त्राचा इतिहासही यातून सुटलेला नाही. निल्सन-एले हे मोठे संशोधक, गव्हाच्या दाण्याच्या रंगावरचं त्यांचं काम आजही पाठ्यपुस्तकांत असतं. आणि नाझी जर्मनीविषयी त्यांना सहानुभूती होती, तीही लपवलेली नव्हती. 'चांगली ओंबी निवडा' ते 'चांगली माणसं निवडा' हा रस्ता त्या पिढीतल्या अनेकांना सरळ वाटला. मग त्यांचं विज्ञान आणि त्यांचं राजकारण एकच होतं का? त्याच स्वालोफमध्ये, त्याच विषयात, त्यांच्यासोबत काम करणारे गुस्ताफसन फावल्या वेळात कविता लिहीत होते. तेच विज्ञान ते राजकारण न घेताही करता येत होतं, हे दाखवायला असं एक माणूस बास आहे.

घरातलं उदाहरण याहून अवघड. माझी आजी. कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा तापाने फणफणला तेव्हा रात्रभर त्याच्या उशाशी बसून पट्ट्या बदलणारी बाई. आणि त्याच मावशींचा कप वेगळा, खिडकीत उपडा ठेवलेला, असं मानणारीही तीच. मी कॉलेजात असताना यावर तिच्याशी बोललो. ती म्हणाली, “अरे, आमच्यात शिस्त होती म्हणून माया होती. एक काढलंस की दुसरं राहायचं नाही.” ती थापा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. तिच्या आयुष्यात ते दोन्ही कधी वेगळं झालेलं तिने पाहिलंच नव्हतं.

माझ्या आईने तो कप कधी ठेवला नाही. मावशींच्या नातीची फी गेली चार वर्षं आई भरते, आणि दुपारचा चहा दोघी एकाच ओट्याशी उभ्या राहून, हाताला येईल त्या कपातून पितात. आजीच्या म्हणण्याप्रमाणे हे रोप उगवायलाच नको होतं.

पण एवढ्यावरून मोठा निष्कर्ष काढायचा मोह होतो, तो मी आवरतो. माया आणि वेगळा कप हे शेजारी होते, एवढंच आईने दाखवलं. वेगळा कप आणि तो ठेवायला सांगणारी परंपरा हे शेजारी आहेत की एकच, हा प्रश्न वेगळा आहे आणि फार जुना आहे. १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं की जात हा वरून चिकटलेला डाग नाही, तिला बळ शास्त्रांच्या प्रामाण्यातून मिळतं, म्हणून त्या प्रामाण्यालाच हात घालावा लागेल. गांधींनी 'हरिजन'मध्ये उत्तर दिलं की जातीचा धर्माशी संबंध नाही. माझ्या भाषेत, एक जण म्हणतोय एकच घर आहे, दुसरा म्हणतोय शेजारी आहेत. या वादात मला आंबेडकरांची *पद्धत* जास्त पटते. ते एका घरातल्या एका प्रेमळ आजीवर थांबत नाहीत. काळ बदलला, प्रांत बदलला, संत आले, सुधारक आले, तरी पुन्हा पुन्हा त्याच दोन गोष्टी एकत्र का दिसतात, हे ते विचारतात. अनेक स्वतंत्र आघात, प्रत्येक वेळी तोच परिणाम. हाच तो एमएलओचा पुरावा.

इथे तुम्ही म्हणाल, माणूस म्हणजे बार्ली आहे का? नाही. संशोधक नको असलेली रोपं उपटून टाकतो, आणि त्याला झोप लागते. माणसांच्या बाबतीत वेगळं होण्याची वाट बघण्याची किंमत कुणीतरी मोजत असतं. बार्लीच्या गुणसूत्रांचा मधला मोठा पट्टा असा आहे की तिथे अदलाबदल फार क्वचित होते, बहुतेक सगळी टोकांकडे होते. मधल्या पट्ट्यातली दोन जनुकं तत्त्वतः वेगळी होऊ शकतात, पण त्यासाठी हजारो रोपं आणि कित्येक पिढ्या. अमेरिकेत जेरोम फ्रँकोविआक यांनी वेगवेगळे म्युटंट गुण 'बोमन' नावाच्या एकाच वाणात पुन्हा पुन्हा संकर करून आणले, म्हणजे गुण तेवढा यावा आणि बाजूचा कचरा गळून जावा. आठशेहून अधिक ओळी तयार झाल्या, त्यासाठी त्यांच्या कारकिर्दीची दशकं गेली. खिडकीतल्या उपड्या कपातून चहा पिणाऱ्या बाईला 'थांबा, तत्त्वतः हे वेगळं होऊ शकतं, तीन-चार पिढ्या द्या' असं कुणी कुठल्या तोंडाने सांगावं? 'शक्य आहे' आणि 'तुमच्या हयातीत शक्य आहे' यांत फरक आहे, आणि सुधारणावादी मंडळी (माझ्यासकट, माझ्या वयाचे बरेच) तो फरक सोयीने विसरतात.

आता एमएलओकडे परत, कारण गोष्ट 'एकच घर' इथे संपली नाही. ठिपके त्याच जनुकाचे आहेत हे माहीत असूनही पैदासकार थांबले नाहीत. त्यांनी मोडलेलं एमएलओ वेगवेगळ्या वाणांमध्ये नेलं, त्यात १९३० आणि ४० च्या दशकांत इथिओपियातून गोळा केलेल्या स्थानिक बार्लीतलं, निसर्गात आपोआप मोडलेलं एमएलओही होतं. लक्षात असं आलं की ठिपके किती पडतात हे बाकीच्या जनुकांवरही अवलंबून आहे. काही वाणांत पान करपायचं, काहींत जेमतेम दिसायचं. ज्यांत दाणा भरत होता ती वाणं निवडत गेले. १९९० साली युरोपात सुमारे ७ लाख हेक्टरवर अशी बार्ली उभी होती. मोडकं जनुक तेच, ठिपक्यांचं कारण तेच, फक्त आजूबाजूची माणसं, म्हणजे जनुकं, बदलली.

२०२२ साली चिनी संशोधकांनी गव्हात याहून गमतीची गोष्ट दाखवली. त्यांच्या एका संपादित ओळीत एमएलओच्या जागी डीएनएचा मोठा तुकडाच गळून गेला होता. त्यामुळे *शेजारचं* एक जनुक जास्त काम करू लागलं, आणि भुरीला दाद न देणारा तो गहू वाढीतही मागे पडला नाही. दोष एकाच घरातला, आणि सावरून घेतलं शेजाऱ्याने.

म्हणजे 'एकच आहे' हे सिद्ध झालं तरी 'म्हणून सोसा' हे त्यातून निघत नाही. मॅनेजरच्या वाक्यात या दोन वेगळ्या गोष्टी एका दमात येतात, आणि दुसरी पहिलीच्या पाठीवर बसून फुकट आत शिरते.

गेल्या महिन्यात त्या सीनिअरच्या बढतीसाठी सहकाऱ्यांकडून फीडबॅक मागवला गेला. नाव गुप्त राहतं म्हणतात, पण सहा जणांच्या टीममध्ये कोण काय लिहिणार हे सगळ्यांना कळतं. माझं पुढचं वर्षही त्याच्याच हाताखाली जाणार आहे. मी आधी गेल्या वर्षभराच्या मीटिंगचे रेकॉर्डिंग काढले. तो अवघड बग सोडवतोय असे प्रसंग वेगळे केले, आणि त्यातल्या किती वेळा कुणाचा अपमान झाला ते मोजलं. टीमच्या मीटिंगमध्ये जवळपास प्रत्येक वेळी. क्लायंटसोबतच्या कॉलवर तो तेवढाच वेगवान, तेवढाच अचूक. दोनदा तर चूक थेट क्लायंटच्या माणसाची होती. तिथे त्याने “कदाचित आपण हे असंही करून बघू शकतो” म्हणत, हसत, पाच मिनिटांत दुरुस्ती सांगितली.

फॉर्ममध्ये 'तांत्रिक कौशल्य' या रकान्यात मी त्याला पूर्ण गुण दिले. 'वर्तन' या रकान्यात त्या कॉलच्या तारखा लिहिल्या.